समासातली पेन्सिल

संपादकाकडून परत आलेली माझी कथा
आई रामबागेतल्या गॅलरीत बसून वाचते.
चष्मा नाकाच्या टोकाला, हातात दुधाच्या हिशेबाची पेन्सिल.
कथा हिंदीत आहे. ती वाचता वाचता मराठी करत जाते,
मोठ्याने, वाल सोलावेत तशी.

पहिल्याच पानावर थांबते.
‘ही कावेरी म्हणजे मी ना?’
नाही गं, कुणीतरी.
‘मग बरोबर. मी नसत्या पंधरा भाज्यांवर
महालक्ष्म्या जेवू घातल्या.’
आणि समासात, बारीक अक्षरात, सोळावी :
भोपळ्याची फुलं. नाही मिळाली तर पानं.

दुसऱ्या पानावर त्या दारातून आत येतात.
मी लिहिलं होतं, कुंकवाची पावलं
उंबऱ्यापासून थेट देवघरापर्यंत.
‘आणि मध्ये कुठे थांबल्याच नाहीत?
कोठीत नाही? कपाटापाशी नाही?
दूध तापतं तिथेही नाही?
घर दाखवल्याशिवाय पाहुणीला बसवतेस होय?’
एक बाण, त्याला फुटलेला आणखी एक बाण.

आंबील संपादकाने कापून ‘खट्टी कढ़ी’ केली होती.
तिथे पेन्सिल इतकी दाबली
की खालच्या पानावर वळ उठला.

चौथ्या पानावर मी तिला मारलं.
कथेची गरज होती.
कार्तिकातली पहाट, एमवायचा वॉर्ड, कोपऱ्यातला पलंग.
मी उगीचच चहा टाकायला उठले
आणि गॅस न पेटवता उभी राहिले.
बऱ्याच वेळाने आवाज आला,
‘मरू दे.
पण आंबील सांगून मरू दे.
अशी कशी गेली बाई,
पीठ किती घ्यायचं तेही न सांगता?’

छापून आली त्या रविवारी
तिने अंक चौरसिया भाभींपुढे धरला :
‘इसमें मैं मरती हूँ, यहाँ, नीचे.’
दोघी पोहे खात हसल्या,
शेव सांडली माझ्या मृत्यूप्रसंगावर.

यंदा भाद्रपदात
ज्वारीच्या पिठाचा डबा उघडून मी ओट्याशी उभी.
आई आतल्या खोलीत, जागीच. खोकल्याचा आवाज येत होता.
हाक मारली असती तर सांगितलं असतं तिने.

मी कपाटातून ते कागद काढले.
शेवटच्या पानाच्या मागे, तिरकं, घाईघाईने :
पीठ दोन वाट्या. ताक कालचं. मीठ शेवटी.
रात्रभर झाकून ठेव
आणि सारखं उघडून बघू नकोस.