च-ची भाषा

राउटर कुलरच्या वर, लाकडी फळीवर.
चार वर्षं तो तिथून अर्ध्या मानेवाड्याला
फुकट पाजत होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता.
मे महिन्यात नेट रांगायला लागलं
तेव्हा ह्यांनी आधी कुलरच्या पाण्याला दोष दिला,
मग उन्हाला, मग कंपनीला.

मोमीनपुऱ्याचा फैजान आला,
डोक्याला ओला दुपट्टा बांधून.
दोन गिलास पाणी प्याला, लॅपटॉप उघडला, हसला:
"काकू, बावीस जण बसून राहिले ना तुमच्या घरात."
मी सवयीनं मागं वळून सोफा पाहिला.

त्यानं नावं वाचली. एक टीव्ही, आमचा नाही.
हेडाऊंच्या गेटवरचा कॅमेरा.
कोपऱ्यावरच्या टेलरचे दोन फोन. कुणी एक किंगभाई.
"कुलूप आहे, पण पुरानं. डब्ल्यूईपी.
हे तर पोट्टे दोन मिनिटात खोलते."

मग समजावून सांगितलं:
लहरी गल्लीत जातीलच, भिंतीला कोण विचारते.
पण नव्या कुलुपात किल्ली नसलेल्याला
नुसता कचरा दिसेल. अक्षरं असतील, अर्थ नाही.

"पासवर्ड सांगा."
ह्यांनी दुकानाचं नाव सांगितलं.
"ते बोर्डावर लिहून आहे, काका."
लग्नाची तारीख.
"फोटोखाली आहे. इथूनच दिसून राहिली."
स्कूटरचा नंबर.
फैजाननं नुसतं गेटकडे पाहिलं.
ह्यांच्याजवळचं संपलं.

मी म्हटलं, मी टाकते.

गोळीबार चौकामागे आमच्या घरी
बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
मी आणि शकू भिंतीशी कांड्या भरत बसायचो
आणि च-च्या भाषेत बोलायचो.
पाणी म्हणजे चणीपा. बाबा म्हणजे चबाबा,
त्या शब्दावर दोघींना हसू फुटायचं, कारण तो काही केल्या लपतच नसे.
बाबांना सगळं ऐकू जाई. कळत काही नसे.

एका दुपारी शकू कांडीवरची नजर न काढता
चार शब्द बोलली.
धोटा थांबला नाही.
आठ दिवसांनी ती घरात नव्हती.
काकांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं,
आईनं तर शेंगदाणे निवडता निवडता, सहज विचारल्यासारखं विचारलं.
मी बोलले नाही.
शकू आता रायपूरला असते. गुडघे दुखतात तिचे,
जावई चांगले आहेत,
फोनवर आम्ही साधं मराठीच बोलतो.

ते चार शब्द मी टाकले, मध्ये जागा न सोडता,
पुढे दोन आकडे, जे काय आहेत ते.
मी टाईप करत होते तेव्हा फैजाननं
तोंड खिडकीकडे केलं. चांगलं वळण आहे पोराला.
मग राउटरच्या आतला पासवर्डही बदलायला लावला,
बाजूचं जोडणीचं बटण बंद केलं,
आणि पावतीच्या मागे लिहू नका म्हणाला.
म्हटलं, लिहिणार नाही.
पन्नास वर्षं कुठं लिहिलं.

संध्याकाळी गल्लीत माणसं फोन वर धरून उभी होती,
नळ गेल्यावर त्याखाली बादली धरतात तशी.
हेडाऊ वहिनींनी भिंतीवरून विचारलं,
तुमचं नेट गेलं का हो?
नाही हो, म्हटलं, आलं.

वरच्या भाडेकरूंची प्राजक्ता डॉक्टरकीच्या परीक्षेला बसली आहे,
तिच्यासाठी पाहुण्यांचं वेगळं नेट उघडून दिलं,
फैजाननं जाता जाता शिकवलं होतं:
पाहुण्यांची किल्ली वेगळी, घरात शिरता येत नाही.

मग हे म्हणाले, माझ्याही फोनमध्ये टाकून दे.
दिलं टाकून. मस्त चालून राहिलं, म्हणतात.
गेटवरच्या पाटीवर चाळीस वर्षं एकट्या त्यांचं नाव आहे,
आणि अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही
की ते पाहुण्यांच्या नेटवर आहेत.