पोटखराब

संखच्या पुढे डांबर संपतं,
मग दगड, मग कुसळ,
मग नुसताच माळ.
उताऱ्यावर लिहिलंय : पोटखराब, वर्ग अ.
आकार शून्य.

मी टेप घेऊन आलो होतो आणि फक्कीची गोणी.
अठराशे खड्डे आखायचे होते,
तीन बाय तीनवर, पावसाआधी.
हिरवाई वाढवा, असं परिपत्रक होतं.
परिपत्रकाला माळ म्हणजे टक्कल वाटतं.

धुळाप्पा मेंढरं सोडून आडवा आला.
"सायेब, हितनं पाय नका टाकू."
काठी टेकवली नाही त्यानं, नुसती रोखली.
मी बघितलं. खडे.
पुन्हा बघितलं. खडेच.
तिसऱ्यांदा एका खड्याला डोळा होता.

मादी बसली होती, मातीच्याच रंगाची,
माझ्या बुटापासून दीड हातावर,
उडत नव्हती.
उडणं म्हणजे कबुली देणं.

"पखुर्डी," तो म्हणाला. "नर पाण्यावर गेलाय.
पिल्लं निघाली की तळ्यात पोट बुडवून येतोय बगा,
पिसं भिजवून. पिल्लं त्येच चोखत्यात."
तळं किती लांब?
त्यानं कर्नाटकाकडं हनुवटी केली.

तीस वर्षं मोजणी केली मी.
बांध मोजले, भावाभावांतलं वैर इंचात मोजलं,
हद्दीच्या दगडासाठी शिव्या खाल्ल्या.
पोटाशी पाणी धरून येणाऱ्याची हद्द
कुठं कायम करायची?

दिवस मावळेपर्यंत हिंडलो,
डोळा त्याचा, वही माझी.
टिटवीची चार अंडी, उघड्यावर.
चंडोल, किती ते मोजता येईनात.
धाविक तीन :
पळतात, थांबतात, पैसे पडल्यासारखे वाकतात.
आणि लांडग्याचा एक माग,
तो मात्र त्यानं चहा झाल्यावर दाखवला.

अहवालाचे रकाने ठरलेले असतात.
झाडे : निरंक.
पाणी : निरंक.
पीक : निरंक.
पुढे रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं :
खड्डे घेऊ नयेत. जागा रिकामी नाही.

साहेबांनी चष्मा वर केला :
"अतिक्रमण? कुणाचं?"
"आपलंच होईल," मी म्हणालो,
आणि मग खाली सही करून बाहेर आलो.

फाइल कुठंशी आहे, माहीत नाही.
गोणी माझ्या ओसरीवर पडून, फक्कीचा दगड झालाय.
काल धुळाप्पाचा फोन आला.
वारा फार होता तिकडं,
एवढंच ऐकू आलं :
"तीन निघाली."