सोळा आण्यांची साखळी

तेहतीस फूट. सोळा आणे. एक चौरस म्हणजे एक गुंठा.
झोपेतून उठवून विचारा, अजून सांगेन.
हिरडेवाडीच्या सड्यावर ती साखळी माझ्याच हातात होती,
कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या साली.
जुनं सरकार उठलेलं, नवं अजून नीट टेकलं नव्हतं,
आणि मधल्या त्या फटीत
हैबतराव इनामदारांना आठवलं की गवत त्यांचं आहे.

तोवर ते कुणाचंच नव्हतं. म्हणजे
बाळाई धनगरणीच्या मेंढरांचं होतं,
गंगावेशीत ज्यांचं दूध पहाटे फेसाळायचं त्या म्हशींचं होतं,
टिटवीचं होतं, आणि उघड्यावरच्या तिच्या चार अंड्यांचं.

आधी पाटी आली.
वाचता येणारे गावात तिघं. तिघांनी मान वळवली.
मग चर आला. चरात एक रेडकू पडलं,
दोर लावून काढलं, सगळे हसले.
मग तार आली, लढाईतून उरलेली, काटेरी,
बर्म्याला जायची ती आमच्या माळावर उतरलेली.
बाळाईचं कोकरू तिच्यात अडकून रात्रभर ओरडलं.
त्या रात्री कुणी हसलं नाही.

पहिला खांब कुणी उपटला?
फौजदारानं चाळीस जणांना विचारलं.
चाळिसांनी सांगितलं, वारं होतं सायेब.

इनामदारांचा कारभारी हुशार.
पोरांच्या हातावर रुपये ठेवून म्हणाला,
"आमच्याच तारेवर डोळा का रे?
त्या रायाप्पानं दोन एकर दाबल्यात, ते दिसत न्हाईत?"
खोटं नव्हतं. रायाप्पा गजाकोश कातडी कमवायचा,
हिरड्याच्या पाण्यानं हात कोपरापर्यंत काळे.
चामडी वाळवायला त्यानंही बाभळीच्या काट्यांचा फेर धरला होता.
पोरं कोयते घेऊन गेली.
तो दारात उभा. नुसता बघत.
मग आत गेला, कुऱ्हाड घेऊन आला,
आणि उरलेला कोपरा स्वतःच पाडला.
"चुकलं माझं," म्हणाला. "चला आता, मोठं बघू."
कारभाऱ्याचे रुपये गूळ-शेंगांत गेले.

सहा दिवस माणसं हिरड्याखाली.
दोनशे असतील. फौजदाराच्या कागदावर दीड हजार.
इनामदारांचं भात कापायला निघालेल्या दोघांना
रायाप्पानं कान धरून माघारी आणलं.
गुळवणी मास्तरांनी चौथीच्या पेपरांच्या पाठीवर मागण्या लिहिल्या.
पाचवी खोडली आहे. ती काय होती, आता कुणाला आठवत नाही.
मला आठवते:
साखळी टाकणाऱ्यानं आधी गावाला विचारावं.

सहाव्या दिवशी मामलेदार घोड्यावरून आले.
जे घरी जातील त्यांना माफी, म्हणाले.
कुणी हललं नाही. बाळाई तंबाखू मळत होती.
"माफी चोराला देत्यात, सायेब," ती म्हणाली,
"आमी काय चोरलंया त्ये आदी सांगा."
मामलेदारांनी कागदात पाहिलं.
कागदात ते लिहिलेलं नव्हतं.

सातवा दिवस मी सांगत नाही.
पोलीस कोतोलीच्या बाजूनं आले, एवढंच.
हिरड्याच्या बुंध्यावर नंतर कितीतरी दिवस
एक मुंडासं लटकत होतं, पोपटी रंगाचं.
ते उतरवायला कुणी आलं नाही.

रायाप्पा चौदा महिन्यांनी बिंदू चौकातल्या जेलातून सुटला.
मी एस्टीच्या थांब्यावर त्याला ओळखलं नाही.
त्याचे हात गोरे झाले होते.

आणि मी?
मला त्याच सड्यावर परत पाठवलं, रेघ पुन्हा आखायला.
ऊन फार होतं. साहेब छत्रीखाली.
मी साखळी ढिली धरली.
दर तेहतीस फुटांमागे वीतभर,
कुणाला दिसणार नाही इतकी.
गवताचा एक पट्टा तारेबाहेर राहिला,
चालत गेलात तर एका बिडीचा.
बाळाईची मेंढरं पंधरा-वीस वर्षं त्यावर चरली.

मग फेरमोजणी झाली.
नवा साहेब, नवी पोलादी टेप.
चूक सापडली, आणि दुरुस्त केली.