काम पूर्ण

हमीदाबाईंनी पहिल्यांदा बोलावलं तेव्हा
डाग शंभर फिल्सच्या नाण्याएवढा होता,
कडेनं चहासारखा, मधे पांढरा.
खुर्चीवर चढून बोट लावलं.
ओलं नव्हतं. गार होतं फक्त.
म्हटलं, वरच्यांच्या एसीचा घाम असेल,
सुकेल.

गुदैबियात पाऊस पडतो
तारखा लक्षात राहाव्यात इतकाच.
इथं पाणी आभाळातून येत नाही, हवेतून येतं.
ऑगस्टात काचेच्या दारांना बाहेरून घाम फुटतो,
आणि चारशे चारच्या एसीखाली
एक पाइप आहे, तीन इंच आखूड,
मी नोकरीला लागायच्या आधीच कुणीतरी कापलेला.
त्यातून थेंब.
एकदा घड्याळ लावून मोजला होता,
मिनिटाला अकरा.

रजिस्टरात लिहिलं: ३०४, छत, डाग, रंग दिला.
काम पूर्ण. सही, रेडीज.

पुढच्या वर्षी डाग बशीएवढा.
बाई म्हणाल्या, भाऊ, कुठंतरी पाणी मुरतंय.
मला हसू आलं.
त्या हसल्या नाहीत,
दाभोळच्या बाईला म्हण आणि गळती
वेगळ्या करून सांगायला वेळ नव्हता.
अबाया शिवायच्या होत्या, ईद तोंडावर होती.

कुरुविलासाहेब म्हणाले, पाइप बदलायचा तर
वरची लादी फोडावी लागेल,
मालक एवढ्यात हो म्हणायचे नाहीत.
रंगाचा डबा शिल्लक आहे ना?

होता.

मग वर्षं मोजायची सोडली.
रंग पापडासारखा फुगला, मी खरवडला.
लोणा आला, मी पुसला;
समुद्र बुजवून उभं केलेलं गाव हे,
मीठ आपलं घर विसरत नाही.
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं
तर छत बोद वाजायचं,
पिकलेल्या कलिंगडासारखं.
गंजलं की लोखंड झिजतं, असं मी समजत होतो.
झिजत नाही. आधी फुगतं.
जागा मागतं,
आणि नाही मिळाली तर
ज्यानं धरून ठेवलंय त्यालाच ढकलायला लागतं.

बाई दर वर्षी मशीन हातभर सरकवायच्या.
खिडकीपासून कपाटापर्यंत,
कपाटापासून दारापर्यंत,
शेवटी मशीन स्वयंपाकघरात, सिलिंडरशेजारी.
तक्रार करायची त्यांनी केव्हाच बंद केली होती.
मला वाटलं, बरं झालं.

गुरुवारी दुपारी त्या खाली कोल्ड स्टोअरमधे
खुबूज आणायला गेल्या होत्या.
चादरीएवढा तुकडा पलंगावर आला.
आवाज चौथ्या मजल्याला ऐकू गेला,
म्हणजे वरचेही जेवणावरून उठले.

पोत्यात भरताना एक ढलपी हातात राहिली.
तिच्या कडेला थर दिसत होते.
सात.
पांढरा, मलई, पुन्हा पांढरा,
एक गुलाबीसर, डबा चुकला होता त्या वर्षीचा,
लेकीची बारावी होती, फोनवर होतो मी,
हात आपोआप चालत होता.
सातही माझे.
प्रत्येकाची सही कुठल्या पानावर आहे
तेही सांगता येईल.

बाई आल्या. खुबूज फ्रिजवर ठेवलं.
वर बघितलं,
तपकिरी सळया, पोपडे सुटलेल्या,
मग पलंगाकडे, मग माझ्याकडे.
काखेत रजिस्टर होतं.
आता काय लिहिणार, एवढंच विचारलं,
तेही हळू.

मी बादली आणायला गेलो.
खाली ठेवली.
घड्याळ लावलं.

अकराच.