ग्रॅम

चौदा वर्षं मी किलोंत मोजलं.
मोडक्या मांडीला किती वजन टांगायचं,
वाळूची कुठली पिशवी कुठल्या पायाला.
बोडाबोडावरून पडलेलं पोरगं
दुखतंय म्हणून रडतंय की गाडी उसनी होती म्हणून,
ते मला दारातूनच कळायचं.
किसुमूच्या त्या अस्थिविभागात
माझ्या चपला वाजल्या
की चादरी आपोआप सरळ व्हायच्या.

मग मेट्रननं कागद हातात ठेवला:
सोमवारपासून नवजात कक्ष, प्रमुख म्हणून.
घरचे 'प्रमुख' वाचून हसले.
मी 'नवजात'वर अडून बसले.

पहिल्याच पेटीत नऊशे चाळीस ग्रॅम.
त्याला नाव नाही, पाटीवर नुसतं 'अपोन्दीचं बाळ'.
आमच्याकडचा साखरेचा पुडा याहून जड.
मी खिडकीतून हात आत घातला
आणि तो मला दुसऱ्याच कुणाचा वाटला,
नांगर धरणाऱ्याचा.

"सिस्टर, असं नाही," नेकेसा म्हणाली
आणि जीभ चावली.
बावीस वर्षांनी लहान माझ्याहून.
मॉनिटर सोडून सगळी खोली गप्प.
"मग कसं? दाखव."
एवढेसे शब्द, पण घशातून निघाले
प्लास्टरच्या करवतीसारखे.

तेव्हापासून रात्री जेवणाच्या टेबलावर
मुलीच्या वहीशेजारी माझी वही.
ती अपूर्णांक सोडवते, मी दशांश.
टिंब एक घर सरकलं तर काय होतं
ते तिला अजून माहीत नाही.

ड्यूटीचा तक्ता मात्र मला येत होता.
ओकुमूची बायको दिवसात आहे, त्याला रात्र नको.
रेहेमा कपड्यांच्या खोलीत जाऊन रडते,
तिथला दिवा आधी बदलून घ्यायचा.
माणसं तीच असतात, मजला कुठलाही असो.

जुलैमधली ती रात्र. वीज गेली,
जनरेटर खोकून बसला.
सरोवरावरून गार वारा, त्यात सुकत्या ओमेनाचा वास.
पेट्या निवू लागल्या.
मला यंत्रातलं काही कळत नव्हतं,
हात कुठे कमी पडतायत तेवढं कळत होतं.
आयांना उठवा, ब्लाऊज सोडा, छातीशी धरा!
"आणि टोप्या?" टोप्या संपल्या होत्या.

मी अंधारात दोन जिने उतरले,
माझ्याच जुन्या कपाटातून
प्लास्टरखाली घालतात ती सुती नळी आणली.
वीतभर कापायची, एका टोकाला गाठ.
झाली टोपी.
अकरा टोप्या.
नेकेसा टॉर्च तोंडात धरून हसली.

चारच्या सुमाराला एक टोपी रिकामी झाली.
ओकुमूची ही पहिलीच वेळ.
मी त्याला काही सांगितलं नाही,
नुसती खुर्ची सरकवली.
नोंदवहीत मीच लिहिलं.
माझ्या जुन्या विभागात वर्षभरात
इतकं थोडं लिहून इतका वेळ लागला नव्हता.

सकाळी वजनं.
अपोन्दीचं बाळ, नेकेसानं मोठ्यानं वाचलं:
नऊशे पंचावन्न.
मी लिहिलं.
मग म्हटलं, पुन्हा वाच गं.
मला ऐकू आलं होतं.