नववा छर्रा

धुऱ्यावरच्या पळसाला
कवडूकाकानं बियाणं कंपनीचं
गेल्या सालचं कॅलेंडर ठोकलं,
चाळीस पावलं मोजत मागं आला.
काडतुसं दोन दिवस सुपात ऊन खात होती,
काकूच्या सरगुंड्यांशेजारी.

'उजवी नळी मोकळी, फाकते.
डावी चोकची, मूठ आवळून मारते.
कोल्ह्याले एलजी कायले?
एसजी पुरते. नऊ दाणे.'

डावा चाप ओढला.
टिटव्या उठल्या तळ्यावरून.

जूनमध्ये तीन, जुलैत चार,
एक बरोबर पोळ्याच्या लाल चौकोनात.

पुन्हा मोजले,
भोकाभोकात बोट घालून.

पायाशी भुऱ्या कुत्रा,
मागच्या हरभऱ्यापासून
तीन पायांवर.
त्याच्याकडं न बघता काका म्हणाला,
'आठच हायेत, बापा.
नववा कुठी ना कुठी जातेच.'