कचरू

जेलरोडला आमच्या कॉलनीत
माघ लागला की आधी बदाम पेटतो.
एकेक पान तांबडं, तळहाताएवढं,
पडताना टप्प वाजतं,
पोस्टमननं फटीतून काही टाकल्यासारखं.
मग शिरीष. त्याची पानं मोजता येत नाहीत.
हे मी म्हणतेय,
जिनं चौतीस वर्षं प्रेसमध्ये कागद मोजले.

शंभराची गड्डी, बोटांच्या टोकांवर.
एक जास्त नाही, एक कमी नाही.
डागाळलेला, शाई फुटलेला वेगळा काढायचा,
त्याची नोंद वेगळी, त्याचा भुगा वेगळा.
तो भुगा पुढं कुठं जातो
हे विचारायची आमची पायरी नव्हती.
सुटताना गेटवर झडती.
डबा उघडा. पिशवी उलटी करा.

आता सकाळी साडेसहाला
रिकामी गोणी घेऊन निघते,
भरलेली कमरेवर ठेवून
सगळ्यांदेखत घरी आणते.
पहिल्या दिवशी फाटकाशी आपोआप थांबले,
हात वर करून.
वॉचमन म्हणाला, काय झालं काकू?

झाडायला येतो तो कचरू.
आधी तो ढीग कोपऱ्यात पेटवायचा.
धुरानं पाटणकरांच्या नातवाला धाप लागायची
आणि पाटणकर धुराला सोडून
कचरूला बोलायचे.
मी म्हटलं, पेटवू नको, मला दे.
तो म्हणाला, बाई, यात काय ठेवलंय?

ते मलाही नीट माहीत नव्हतं.
कोंबड्यांची जाळी गोल वळवून
पेरूखाली उभी केली.
पानं भरली, पायानं तुडवली,
वरून शेणाचं पाणी, आंबलेलं ताक,
आणि मूठभर जुनी माती, विरजण म्हणून.
शिरीष लगेच विरतो, मऊ मनाचा.
बदाम हट्टी, चामड्याचा.
पिंपळाची नुसती नक्षी उरते,
उजेडाकडे धरली की सवयीनं
मी तिच्यात तार शोधते.

होळीला पोरं आली,
काकू, तुमची पानं द्या ना, मस्त भडकतील.
पोळ्या नेल्या त्यांनी, पानं नाही.

वैशाखात पायरीवर चहा पिताना
कचरूनं सांगितलं,
त्याच्या आधीची तीन गेली.
हा झाला तसा आईनं सुपात घालून
उकिरड्यावर ठेवला.
शेजारणीनं उचलला,
पसाभर कण्या घेऊन आईला परत विकला,
आणि नाव ठेवलं हे.
मरणानं बघितलं तरी
नाक मुरडून पुढं जावं.
"गेलं ना पुढं," बशीत फुंकर घालत म्हणाला.
"सत्तावन्न वर्षं झाली."

मी काहीच बोलले नाही.
त्या आठवड्यात ढीग दोनदा जास्त हलवला,
एवढंच.

दसऱ्याच्या सुमारास जाळी उचलली.
छातीएवढं होतं ते गुडघ्याशी आलेलं.
वरची बदामाची पानं अजून बदामाचीच,
खाली मात्र कुणाचं नाव उरलं नव्हतं.
काळं, भुसभुशीत, हाताला गार.
एक गांडूळ उजेडाला लाजून आत गेलं.
अकरा घमेली निघाली.
वहीत लिहिणार होते, राहू दिलं.

गुलाबांना घातलं, वांग्यांना घातलं,
एक गोणी कचरूला काढून ठेवली.
सिडकोत लेकीच्या गॅलरीत
त्यानं मिरच्या लावल्यात.
"तिला सांगणार, नर्सरीतनं आणलं, ऐंशी रुपयांना.
नाहीतर घरात घेणार नाही."
सायकलला गोणी बांधली, दोरी दोनदा ओढून पाहिली,
मग खिशातून दहाची नोट काढली.
अरे, कशाला?
"फुकट न्यायचं नसतं, बाई. लागत नाही मग."

तो वळेपर्यंत थांबले,
मग नोट उजेडाकडे धरली. सवय.
घामानं मऊ पडलेली,
एका कडेला जराशी विरलेली.
खरी होती.
डोक्यावर बदाम अजून हिरवागार,
त्याला काही घाई नव्हती.